कोंबडीचं जैवरसायन: विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

पशुविज्ञान शिकणारी मुलं-मुली परीक्षा जवळ आली की जे प्रश्न पाठवतात, त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडवणारे नंतर. एखादं उत्तर दुसऱ्या उत्तरावर टेकलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अपवाद इतके आहेत की पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. खरं ना?

नाही. अपवाद वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी एकाच प्रश्नाने सुटतात: हे एन्झाइम कोंबडीत आहे का, आणि असलं तर कोणत्या अवयवात? युरिया चक्राची (अमोनियापासून युरिया बनवणाऱ्या साखळीची) सुरुवात करणारं एन्झाइम यकृतात नाही, म्हणून आर्जिनीन हे अमिनो आम्ल खाद्यातून द्यावं लागतं. क जीवनसत्त्व बनवणारं शेवटचं एन्झाइम मूत्रपिंडात आहे, म्हणून ते द्यावं लागत नाही. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज नाही, म्हणून दुधाची भुकटी जास्त झाली की विष्ठा पातळ होते. गोंधळ होतो तो गाय किंवा डुक्कर डोक्यात ठेवून कोंबडीकडे पाहिल्यामुळे. वहीत 'पदार्थ, एन्झाइम, अवयव' असे तीन रकाने आखा. पाठांतर निम्म्यावर येईल.

२. कोंबडी लघवी करतच नाही का?

करते. मूत्रपिंडं आहेत, मूत्रवाहिन्या आहेत, मूत्राशय तेवढं नाही. मूत्र सरळ अवस्करात (मल, मूत्र आणि अंडं बाहेर पडण्याच्या सामाईक जागेत) उतरतं, तिथून आतड्याच्या उलट्या हालचालीने मागे मोठ्या आतड्यात आणि अंधनालांपर्यंत (आतड्याला जोडलेल्या, एका टोकाला बंद असलेल्या दोन नळ्यांपर्यंत) जातं, तिथे पाणी आणि क्षार शोषले जातात आणि उरलेलं विष्ठेसोबत बाहेर पडतं. विष्ठेवरची पांढरी टोपी ती हीच: यूरिक आम्ल आणि त्याचे क्षार. मलमूत्र एकत्र पडत असल्यामुळे खाद्याची ऊर्जा मोजण्याची पद्धतही बदलते (प्रश्न १२).

३. युरिया बनवणं स्वस्त असताना पक्ष्यांनी यूरिक आम्लाचा खर्चिक मार्ग का धरला?

पाण्यासाठी. युरिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे तो बाहेर टाकायला पाणीही तेवढंच टाकावं लागतं. यूरिक आम्ल जवळजवळ विरघळत नाही. ते घट्ट लगद्याच्या रूपात टाकता येतं. अंड्यातल्या गर्भाचा विचार केला की हे नीट पटतं. तो २१ दिवस बंद कवचात असतो आणि बाहेरून पाणी मिळायची सोय नसते. न विरघळणारं यूरिक आम्ल अ‍ॅलँटॉइसच्या (गर्भाचे टाकाऊ पदार्थ साठवणाऱ्या) पिशवीत साचून पडतं, गर्भाला त्याचा त्रास होत नाही.

मार्ग असा: यकृतपेशीच्या तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) ग्लुटामीन सिंथेटेज हे एन्झाइम अमोनिया पकडून ग्लुटामीन बनवतं. सस्तन प्राण्यांत हेच एन्झाइम तंतुकणिकेबाहेर, पेशीद्रवात असतं. हे ग्लुटामीन पुढे प्युरीन वलय बांधायला जातं. यूरिक आम्लातल्या चार नायट्रोजनपैकी दोन ग्लुटामीनकडून, एक अ‍ॅस्पार्टिक आम्लाकडून आणि एक ग्लायसीनकडून येतो. शेवटी झँथीन डीहायड्रोजिनेज त्याचं यूरिक आम्ल करतं. ते आणखी फोडणारं युरिकेज कोंबडीत नाही, म्हणून साखळी तिथेच थांबते.

यातली परीक्षेच्या कामाची ओळ ही: यूरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे ग्लायसीनचा एक अख्खा रेणू खर्ची पडतो. तोंडी परीक्षेत विचारतात तो अपवाद कबुतराचा. त्याच्या यकृतात झँथीन डीहायड्रोजिनेज नसतं, त्यामुळे तिथे काम हायपोझँथीनवर थांबतं आणि शेवटची पायरी मूत्रपिंडात पार पडते.

लिटरमधून (शेडमधल्या भुशाच्या अंथरणातून) येणारा अमोनियाचा उग्र वास कोंबडीने सोडलेला नसतो. लिटरमधले जिवाणू आपल्या युरिकेज आणि युरिएज एन्झाइमांनी यूरिक आम्ल फोडतात आणि त्यातून तो तयार होतो. लिटर ओलं झालं की हा उद्योग वाढतो.

४. आर्जिनीन कोंबडीला आवश्यक आणि मोठ्या गायीला नाही, असं का?

सस्तन प्राण्यांत युरिया चक्राच्या वाटेवर आर्जिनीन तयार होत राहतं. कोंबडीच्या यकृतात या चक्राचं पहिलं एन्झाइम, कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-१, कामापुरतं नसतं. म्हणून ऑर्निथीनपासून सिट्रुलीनपर्यंत जाता येत नाही. सिट्रुलीनपासून पुढे आर्जिनीनपर्यंतची एन्झाइमं मात्र मूत्रपिंडात आहेत. त्यामुळे पिल्लांच्या खाद्यात आर्जिनीनऐवजी सिट्रुलीन चालतं, ऑर्निथीन चालत नाही. साखळी नेमकी कुठे तुटली आहे हे एवढ्या एका निरीक्षणावरून सांगता येतं. अभ्यासक्रमातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण हेच.

दुसरी भानगड लायसीनची. लायसीन गरजेपेक्षा जास्त झालं की मूत्रपिंडातलं आर्जिनेज वाढतं आणि आधीच बाहेरून आणलेलं आर्जिनीन फुटून वाया जातं. खाद्यसूत्रात या दोघांचं प्रमाण एकत्र पाहतात ते याचसाठी. केसीनवर (दुधातल्या मुख्य प्रथिनावर) आधारलेल्या प्रायोगिक खाद्यात पिल्लं खुरटतात, कारण केसीनमध्ये लायसीन भरपूर आणि आर्जिनीन बेताचं असतं.

५. आवश्यक अमिनो आम्लं नक्की किती? एका पुस्तकात १०, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात १२.

तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणत्याही वयात खाद्यातून यावीच लागतात अशी दहा: आर्जिनीन, हिस्टिडीन, आयसोल्यूसीन, ल्यूसीन, लायसीन, मेथिओनीन, फेनिलअ‍ॅलानीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलीन. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लात ग्लायसीन बनतं, पण खर्चाच्या मानाने पुरत नाही (खर्च कुठे होतो ते प्रश्न ३ मध्ये), म्हणून ते अकरावं. ग्लायसीन आणि सेरीन एकमेकांत बदलतात, त्यामुळे तक्त्यात दोघांची बेरीज असते. कोवळ्या पिल्लासाठी प्रोलीनही धरलं की बारा. सिस्टीन आणि टायरोसीन यांना अर्धआवश्यक म्हणतात, कारण ती अनुक्रमे मेथिओनीन आणि फेनिलअ‍ॅलानीनपासून बनतात. उलट दिशेने बनत नाहीत.

६. मका-सोयाबीनच्या खाद्यात मेथिओनीनच पहिलं मर्यादक (गरजेच्या मानाने सगळ्यात आधी कमी पडणारं) का?

दोन कारणं एकत्र येतात. सोयाबीनच्या प्रथिनात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात, आणि कोंबडीची गरज पिसांमुळे जास्त असते. पिसांच्या केराटिनमध्ये सिस्टीन ठासून भरलेलं असतं. खाद्यात ते कमी पडलं की मेथिओनीन मोडून सिस्टीन बनवलं जातं. मेथिओनीननंतर साधारणपणे लायसीन, मग थ्रिओनीन असा क्रम लागतो.

याला जोडून हमखास येणारा प्रश्न: मेथिओनीन डीएल स्वरूपात (डी आणि एल या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांचं मिश्रण) विकतात, मग लायसीन फक्त एल स्वरूपात का? कोंबडी डी-मेथिओनीनचा अमिनो गट काढून किटो आम्ल बनवते आणि त्याला पुन्हा अमिनो गट जोडून एल-मेथिओनीन तयार करते. लायसीनच्या बाबतीत ही दुसरी पायरी होत नाही, म्हणून डी-लायसीन निरुपयोगी. गणितात आणखी एक ध्यानात ठेवा: एल-लायसीन हायड्रोक्लोराइडच्या पोत्यात लायसीन सुमारे ७८ टक्के असतं, १०० टक्के धरलंत तर उत्तर चुकलं.

७. क्रूड प्रोटीन म्हणजे प्रथिनच ना?

नाही. ते नायट्रोजनचं मोजमाप आहे. १८८३ साली योहान केल्डाल यांनी दिलेल्या पद्धतीने नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. गृहीतक असं की प्रथिनात सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. १०० भागिले १६ म्हणजे ६.२५. हा नायट्रोजन प्रथिनातून आला की आणखी कशातून, हे या पद्धतीला कळत नाही.

म्हणूनच भेसळ करणाऱ्यांचं फावतं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, ६.२५ ने गुणा, 'क्रूड प्रोटीन' निघतं २८७ टक्क्यांच्या वर. पेंडीत १ टक्का युरिया मिसळला तर अहवालात प्रथिन जवळजवळ ३ टक्क्यांनी फुगतं. मेलामाइनचं वजन तर दोन तृतीयांश नायट्रोजनच असतं. कोंबडीच्या विष्ठेचं क्रूड प्रोटीनही चांगलं भरघोस दिसतं, कारण यूरिक आम्लात एक तृतीयांश नायट्रोजन आहे.

युरिया पकडायचा तर नमुन्यावर युरिएज आणि फिनॉल रेड टाकून पाहतात. युरिया असला तर अमोनिया सुटतो आणि रंग गुलाबी-लाल होतो. युरिएज कुठून आणायचं? कच्च्या सोयाबीनच्या पिठात ते भरपूर असतं. हीच चाचणी उलटी करून दुसरंच काहीतरी तपासता येतं, ते प्रश्न ९ मध्ये.

८. मग गायीला चालतो तसा युरिया कोंबडीला थोडासा चालेल का?

नाही. गायीच्या कोठीपोटातले जिवाणू युरियाचा नायट्रोजन घेऊन स्वतःचं प्रथिन बनवतात आणि नंतर गाय त्यांनाच पचवते. कोंबडीत जिवाणूंची मोठी वस्ती अंधनालांत, म्हणजे लहान आतड्याच्या पलीकडे असते. तिथे बनलेलं प्रथिन पचवायला पुढे जागाच नाही. सगळी आवश्यक अमिनो आम्लं पुरेशी दिली आणि फक्त अनावश्यकांसाठीच नायट्रोजन कमी पडत असेल, तर डायअमोनियम सायट्रेटसारखी संयुगं काही प्रमाणात उपयोगी पडतात. ही प्रयोगशाळेतली गोष्ट झाली. खाद्यसूत्रात युरियाला जागा नाही.

९. सोयाबीन पेंड कच्ची राहिली की जास्त भाजली, कसं ओळखायचं?

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोखणारी प्रथिनं असतात. ती ट्रिप्सिनला घट्ट धरून ठेवतात, मग स्वादुपिंड आणखी एन्झाइम सोडत राहतं. स्वादुपिंड फुगतं आणि त्या एन्झाइमांसोबत गंधकयुक्त अमिनो आम्लंही वाया जातात. आधीच तुटवडा असलेलं मेथिओनीन आणखी घटतं. उष्णतेने हे रोधक नष्ट होतात.

रोधक थेट मोजणं किचकट, म्हणून युरिएज मोजतात. कोंबडीला युरिएजशी काही देणंघेणं नाही, पण ते साधारण तेवढ्याच उष्णतेला नष्ट होतं. पेंड युरियाच्या द्रावणात ठेवतात आणि सामू (पीएच) किती वाढला ते पाहतात. वाढ ०.०५ ते ०.२० मध्ये असेल तर पेंड ठीक. जास्त असेल तर कच्ची.

आता खोच: वाढ शून्य आली तर? पेंड नीट भाजलेली असेल किंवा करपलेली असेल. युरिएज एकदा संपलं की पुढचं काही कळत नाही. करपण्यात लायसीनचा मोकळा अमिनो गट साखरेशी बांधला जातो, त्याला मेयार्ड प्रक्रिया म्हणतात. अहवालात क्रूड प्रोटीन तेवढंच राहतं, पण लायसीन पिल्लाच्या हाती लागत नाही. त्यासाठी ०.२ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली प्रथिनाची विद्राव्यता बघतात. ८५ टक्क्यांच्या वर गेली तर कच्ची, ७० च्या खाली आली तर करपलेली. दोन्ही चाचण्या मिळून चित्र पुरं होतं.

१०. दात नाहीत, लाळेत स्टार्च फोडणारं एन्झाइम नावापुरतं. मग पचन सुरू कुठे होतं?

अन्नपिशवीत दाणे भिजतात आणि जिवाणूंचं थोडं काम होतं, एवढंच. खरी सुरुवात ग्रंथिल जठरात. तिथे एकाच प्रकारच्या पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिनोजेन दोन्ही सोडतात. सस्तन प्राण्यांत ही कामं दोन वेगळ्या पेशींकडे आहेत. लगेच पुढे गिझार्ड दळण्याचं काम करतं आणि गरज पडली तर लगदा पुन्हा मागे ढकलतं. स्टार्चचं पचन मुख्यतः स्वादुपिंडाच्या अमायलेजवर चालतं.

११. खाद्यात वरून घालतात ती एन्झाइमं कोंबडी स्वतः का बनवत नाही?

फायटेज हे मुख्य उदाहरण. दाण्यांतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो. मक्याचे आकडे बघा: एकूण फॉस्फरस ०.२८ टक्के, त्यातला फायटेटबाहेरचा फक्त ०.०८ टक्के. तो सोडवण्याइतकं फायटेज कोंबडीच्या आतड्यात नसतं, म्हणून सूक्ष्मजीवांपासून काढलेलं घालतात. फायटेट कॅल्शियम आणि जस्तही बांधून ठेवतं. खाद्यात कॅल्शियम फार वाढवलं तर फायटेजचा परिणाम घटतो, हे लक्षात असू द्या.

गहू आणि बार्लीची गोष्ट निराळी. गव्हातले अरॅबिनोझायलन आणि बार्लीतले बीटा-ग्लुकन आतड्यातला लगदा चिकट करतात, शोषण मंदावतं, विष्ठा ओली आणि चिकट पडते. तिथे झायलनेज आणि बीटा-ग्लुकनेज उपयोगी पडतात. मका-सोयाबीनवर त्यांचा फरक तेवढा ठळक दिसत नाही.

१२. कोंबडीसाठी पाचक ऊर्जा न धरता चयापचयी ऊर्जा का धरतात?

पाचक ऊर्जेसाठी फक्त मलातली ऊर्जा वजा करायची असते. कोंबडीचं मलमूत्र एकत्र पडतं (प्रश्न २), ते वेगळं करायला शस्त्रक्रिया लागते. दोन्हींची ऊर्जा एकदम वजा केली की आपोआप चयापचयी ऊर्जा मिळते. मक्यासाठी ती किलोला सुमारे ३३५० किलोकॅलरी धरतात.

या आकड्यात नायट्रोजनसाठी दुरुस्ती का करतात, हे बहुतेकांना कळत नाही. वाढत्या पिल्लाने नायट्रोजन अंगात साठवला तर विष्ठेतून ऊर्जा कमी जाते आणि खाद्य आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हातारी कोंबडी तेच खाद्य खाऊन वेगळा आकडा देईल. तुलना सारखी व्हावी म्हणून साठलेल्या प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे ८.२२ किलोकॅलरी वजा करतात. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तेवढा नायट्रोजन यूरिक आम्ल बनून बाहेर पडला असता तर त्यात एवढी ऊर्जा असती.

१३. कोंबडीच्या रक्तात साखर २२० आली. मधुमेह?

नाही, निरोगी आहे. कोंबडीत १०० मिलिलिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम हे नेहमीचंच. माणसाच्या जवळजवळ दुप्पट. इन्सुलिनच्या हुकुमावर स्नायूत ग्लुकोज घेणारा ग्लुट-४ हा वाहक कोंबडीत सापडत नाही, आणि इन्सुलिनच्या मोठ्या मात्रेलाही ती फारशी दाद देत नाही. इथे साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाचं वजन जास्त आहे.

१४. चरबी कुठे बनते?

यकृतात, जवळजवळ सगळी. चरबीपेशी मुख्यतः साठवण करतात. म्हणून भरपूर ऊर्जा आणि कमी हालचाल मिळालेल्या लेअरमध्ये (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीत) यकृतच पिवळं, ठिसूळ होतं आणि फुटून रक्तस्राव होतो. खाद्यातली चरबी शोषली जाते ती लसिकेतून न जाता थेट यकृताकडच्या प्रवेशिका शिरेत उतरते. त्या कणांना पोर्टोमायक्रॉन म्हणतात. 'कायलोमायक्रॉन' (सस्तन प्राण्यांत लसिकेतून जाणारे कण) लिहिलंत तर गुण जातील.

१५. एका कवचासाठी कोंबडी इतकं कॅल्शियम आणते कुठून?

आधी हिशोब करू. ६० ग्रॅमच्या अंड्याचं कवच साडेपाच-पावणेसहा ग्रॅमचं. त्यातलं सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचं ४० टक्के कॅल्शियम. म्हणजे अंड्यामागे सुमारे २.२ ग्रॅम. कोंबडीने ११० ग्रॅम खाद्य खाल्लं आणि त्यात ३.८ टक्के कॅल्शियम असलं, तर पोटात ४.२ ग्रॅम गेलं. त्यातलं निम्म्याच्या आसपास अंगी लागतं. जेमतेम भागतं.

पण वेळ जुळत नाही. अंडं कवचग्रंथीत सुमारे २० तास असतं आणि कवचाचा मोठा भाग रात्री चढतो, तेव्हा कोंबडी खात नसते. कवचग्रंथीत साठा नाही. सगळं रक्तातून ओढावं लागतं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तात १०० मिलिलिटरला २० ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, न देणाऱ्या कोंबडीत १० च्या आसपास. रात्रीची तूट भरतं मज्जास्थी. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली, पहिल्या अंड्याच्या आधी लांब हाडांच्या पोकळीत ते तयार होतं आणि रोज मोडतं, रोज भरतं. म्हणूनच चुनखडीचा काही भाग २ ते ४ मिलिमीटरच्या खड्यांच्या रूपात देतात. खडे गिझार्डमध्ये रेंगाळतात आणि रात्रभर विरघळत राहतात. भुकटी संध्याकाळीच पुढे निघून गेलेली असते.

१६. उष्णता वाढली की कवच पातळ होतं. कॅल्शियम वाढवलं तरी फरक पडत नाही, असं का?

कारण कमी पडतो तो बहुतेक वेळा कार्बोनेट. तो रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपासून कवचग्रंथीतच बनतो. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज त्याचं बायकार्बोनेट करतं. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत, ती धापा टाकून अंग थंड करते. धापेसोबत कार्बन डायऑक्साइड निसटतो, रक्ताचा सामू वर जातो, बायकार्बोनेट घटतं आणि मोकळं आयनी कॅल्शियमही कमी होतं. त्यात भूक मंदावते.

उपाय थंडाव्याचा, आणि मिठाचा काही भाग काढून त्या जागी खाण्याचा सोडा देण्याचा (सोडियम कसं मोजायचं ते प्रश्न १८ मध्ये). कार्बन डायऑक्साइड विरघळवलेलं पाणी पाजून कवच सुधारल्याचे प्रयोगही झाले आहेत. पुरावा उलट्या बाजूनेही आहे: सल्फॅनिलामाइड हे औषध कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज रोखतं, आणि ते दिलेल्या कोंबड्या मऊ कवचाची अंडी घालतात.

१७. तलंगांना (अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांना) आधीपासूनच लेअरचं खाद्य दिलं तर हाडं मजबूत होतील ना?

मूत्रपिंडं बिघडतील. अंडं सुरू नाही तोवर एवढ्या कॅल्शियमला वाट नसते, ते मूत्रपिंडावर पडतं. मूत्रपिंड थकलं की यूरिक आम्ल बाहेर पडत नाही. शवविच्छेदनात हृदयावर आणि यकृतावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. याला व्हिसरल गाउट म्हणतात. वाढीच्या काळात १ टक्क्याच्या आसपास, अंडं सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधी २ ते २.५ टक्के, मग पूर्ण मात्रा, असा चढता क्रम ठेवतात.

१८. इलेक्ट्रोलाइट संतुलनाचं गणित दर वेळी चुकतं. एकदा करून दाखवा.

सूत्र: सोडियम अधिक पोटॅशियम वजा क्लोराइड, किलोमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये. समजा खाद्यात सोडियम ०.२०, पोटॅशियम ०.८० आणि क्लोराइड ०.२० टक्के आहे. टक्के १०,००० ने गुणले की किलोमागे मिलिग्रॅम मिळतात. मग अणुभाराने भागायचं. सोडियम: २००० भागिले २३, म्हणजे ८७. पोटॅशियम: ८००० भागिले ३९.१, म्हणजे २०५. क्लोराइड: २००० भागिले ३५.५, म्हणजे ५६. उत्तर साधारण २३५. मानक म्हणून २५० सांगितलं जातं. चूक बहुतेकांची एकाच जागी होते: मीठ म्हणजेच सोडियम धरतात. मिठात सोडियम ३९ टक्केच असतं, बाकी क्लोराइड.

१९. क जीवनसत्त्व द्यायची गरज नाही, मग उष्णतेच्या ताणात का देतात?

कोंबडी ते मूत्रपिंडात ग्लुकोजपासून बनवते. ताणात ते खर्च होण्याचा वेग बनण्याच्या वेगाला मागे टाकतो. ड जीवनसत्त्वाचं मात्र वेगळं आहे. ड-२ कोंबडीच्या जवळजवळ कामाचं नाही, ड-३च हवं. ते यकृतात आणि मग मूत्रपिंडात असं दोनदा बदलून सक्रिय होतं, त्यामुळे मूत्रपिंड बिघडलं (प्रश्न १७) की कवचही बिघडू शकतं.

२०. पायाची आणि मानेची सगळी लक्षणं एकसारखीच वाटतात. फरक कसा करायचा?

बोटं आत वळून मुठीसारखी झाली आणि पिल्लू घोट्यावर चालतंय: रायबोफ्लेविनची कमतरता. घोट्याचा सांधा सुजून मागचा स्नायुबंध जागेवरून घसरलाय, याला पेरोसिस म्हणतात: मँगनीज, कोलीन किंवा बायोटिनची कमतरता. मान पूर्ण मागे वळून नजर आकाशाकडे: थायामीनची कमतरता. थायामीन नसलं की पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज अडतं, आणि चेतासंस्थेला सगळ्यात आधी झळ बसते. क्रिस्तियान आइकमन यांनी पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत हाच आजार पाहिला, आणि १९२९च्या नोबेल पुरस्कारापर्यंत गेलेलं काम त्यातून उभं राहिलं. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर देतात ते अँप्रोलियम थायामीनसारखंच दिसणारं असल्यामुळे त्याची मात्रा जास्त झाली तरी मान वळते.

फसवणारी जोडी म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता आणि मरेक हा विषाणूजन्य रोग. दोन्हींत पायाची मोठी चेता जाड होते. मरेकमध्ये बहुधा एकाच बाजूची जास्त, आणि एक पाय पुढे एक मागे अशी ठेवण. रायबोफ्लेविनच्या कमतरतेत दोन्ही बाजू सारख्या.

२१. गडद बलक म्हणजे अ जीवनसत्त्व जास्त?

नाही. रंग येतो ल्युटीन आणि झियाझँथीन या पिवळ्या रंगद्रव्यांमुळे, आणि त्यांचं अ जीवनसत्त्व होत नाही. ज्याचं होतं ते बीटा-कॅरोटीन बलकात फारसं उतरत नाही. पांढरा मका आणि वरून अ जीवनसत्त्व दिलं तर बलक फिकट, पण अंडं सकस. बलक हिरवट-तपकिरी आला तर सरकी पेंडीतल्या गॉसिपॉलकडे बोट दाखवा. पांढरा भाग गुलाबी झाला तर त्याच पेंडीतल्या सायक्लोप्रोपीन मेदाम्लांकडे.

२२. ताजं अंडं उकडल्यावर सोलत का नाही? आणि बलकाभोवती हिरवी कड?

ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा सामू ७.६ च्या आसपास असतो आणि तो आतल्या पापुद्र्याला चिकटतो. काही दिवसांत कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जातो, सामू ९ च्या वर चढतो आणि पापुद्रा सुटतो. हिरवी कड म्हणजे आयर्न सल्फाइड: पांढऱ्यातलं गंधक, बलकातलं लोह आणि जास्त वेळ उकडणं.

२३. कोंबडीच्या रक्तात पांढऱ्या पेशी अफाट आल्या. यंत्र बिघडलं का?

यंत्र ठीक आहे, पण ते सस्तन प्राण्यांसाठी जुळवलेलं असणार. कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्या मोजणीत पांढऱ्या म्हणून घुसतात. हाताने मोजा. याच केंद्रकामुळे डीएनए काढायला रक्ताचा एक थेंबही पुरतो.

२४. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकमेकांची जागा घेतात, असं लिहिलं तर चालेल का?

एका विकारापुरतं चालेल. ई कमी पडल्यावर पिल्लांत तीन वेगळ्या गोष्टी होतात. कातडीखाली हिरवट-निळसर पाणी साचतं तो विकार ई किंवा सेलेनियम दोन्हींनी थांबतो, कारण सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचा भाग आहे. लहान मेंदूत रक्तस्राव होऊन पिल्लू कोलमडतं, तिथे सेलेनियमचा उपयोग होत नाही. ई किंवा कृत्रिम अँटिऑक्सिडंट लागतं, आणि खाद्यात खवट तेल आहे का ते आधी पाहायचं. छातीच्या स्नायूवर पांढरे पट्टे उमटतात, तिथे ईसोबत गंधकयुक्त अमिनो आम्लंही मोजावी लागतात: ती पुरेशी असली तर ई कमी असूनही पट्टे दिसत नाहीत.